मेंदू, हॉर्मोन्स आणि प्रोएस्ट्रसची दुपार

एमएस्सीची मुलं लॅब बघायला आली की एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, प्रजननाची हॉर्मोन्स म्हणजे अंडाशय. मग मेंदू कशाला?" कारण अंडाशय मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं ऐकतं आणि पिट्युटरी हायपोथॅलॅमस या मेंदूच्याच भागाचं. उंदराच्या मेंदूत जेमतेम हजारभर चेतापेशी जीएनआरएच नावाचं दहा अमिनो आम्लांचं हॉर्मोन सोडतात, आणि सगळा कारभार त्यावर चालतो. गंमत म्हणजे या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भाच्या नाकाजवळ तयार होतात आणि तिथून सरकत सरकत आत येतात. हे कळलं १९८९ मध्ये.

या विषयात हॉर्मोन किती आहे याइतकंच ते कधी आहे, हे बघावं लागतं. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर दाखवलं की जीएनआरएच तासातासाने थोडं थोडं दिलं तर एलएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन, व्यवस्थित स्रवतं. तेच सलग सोडत राहिलं की एलएच खाली येतं. प्रोस्टेट कॅन्सरसाठी किंवा फार लहान वयात पाळी येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी डॉक्टर ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचसारखं, सतत काम करणारं औषध देतात, ते याच आधारावर.

मत्स्यशेतीवाल्या घरातल्या मुलांना हे लवकर उमगतं. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १९५७ मध्ये पिट्युटरीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. आज हॅचरीत ओव्हाप्रिम नावाचं इंजेक्शन टोचतात. त्यात जीएनआरएचचं कृत्रिम रूप असतं आणि सोबत डोपामिनला रोखणारं डोम्पेरिडोन, कारण कार्पमध्ये डोपामिन एलएचवर ब्रेक लावून बसलेला असतो.

आता रोजचं काम. मादी रॅटचं प्रजननचक्र चार-पाच दिवसांचं. ती कुठल्या टप्प्यावर आहे हे स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, बघून ठरवायचं. पिपेटने सलाइनचा थेंब आत सोडून परत ओढायचा, काचपट्टीवर टाकायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा. गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके दिसले तर प्रोएस्ट्रस, म्हणजे अंडमोचनाच्या (अंडं बाहेर पडण्याच्या) आधीचा टप्पा. कॉर्नफ्लेक्ससारख्या चपट्या, बिनकेंद्रकाच्या पेशी म्हणजे एस्ट्रस. बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर डायएस्ट्रस. सुरुवातीला सगळंच सारखं दिसतं. महिनाभर सीनियरच्या शेजारी बसा, नजर तयार होते. प्रोएस्ट्रसच्या दुपारी एलएच उसळतं. एव्हरेट आणि सॉयर यांनी १९५० मध्ये दाखवलं की नेमक्या त्या दुपारी दोन ते चारच्या आधी मादीला बार्बिट्युरेट हे गुंगीचं औषध देऊन झोपवलं, तर अंडमोचन चक्क एक दिवस पुढे जातं.

म्हणून स्मिअर रोज ठरल्या वेळी, रविवारी आणि पाडव्यालाही. एलएच उसळण्याची वेळ उजेड-अंधारावर ठरते, म्हणून अ‍ॅनिमल हाउसचे दिवे टायमरवर असतात. रात्री दार उघडून ट्यूबलाइट लावणाऱ्याला इथे माफी नाही. ताणाने एलएचचे स्पंद दबतात, त्यामुळे गणपतीत ढोल-ताशांचा आवाज जवळ येणार असेल तर महत्त्वाचा प्रयोग त्या आठवड्यात लावायचाच नाही. आणि विसर्जनाला रस्ते बंद होतात, तेव्हा स्मिअरवाल्याने आदल्या रात्री कॅम्पसवरच मुक्काम करायचा.

एवढ्या कटकटीला कंटाळून वर्षानुवर्षं लोकांनी फक्त नरांवर मेंदूचे प्रयोग केले. मला हा आळस वाटतो. कॅथरीन वूली यांनी १९९० मध्ये दाखवलं की रॅटच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या चेतापेशींवरच्या काट्यांची (दुसऱ्या पेशींशी जोडणाऱ्या बारीक उंचवट्यांची) दाटी चक्रागणिक सुमारे ३० टक्के बदलते. मादी बाजूला ठेवली असती तर हे दिसलंच नसतं.

शिक्षणाचं म्हणाल तर झूलॉजी, बायोटेक, फार्मसी, व्हेटर्नरी काहीही चालतं. नेट-जेआरएफ, डीबीटी, आयसीएमआर यांपैकी एक सरकारी संशोधन फेलोशिप हाती असली की पुण्यात आयसर किंवा एनसीसीएस या संशोधन संस्थांना अर्ज करताना बळ येतं. विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभागही आहेच. २०२३ पासून जेआरएफ (कनिष्ठ फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये आहे. मात्र पैसे अडकतात, तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच या. सांख्यिकी आणि त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा आधी शिका. जनावर हाताळायला मन धजत नसेल तर स्पष्ट सांगा; पेशीसंवर्धन, संगणकीय मॉडेल, रुग्णांच्या नमुन्यांवरचं काम असे मार्ग आहेत.

लॅब निवडताना गाईडचे पेपर वाचाच, पण तिथल्या पीएचडीच्या मुलांना चहाला गाठून विचारा: रविवारी स्मिअर कोण घेतं? सगळे आळीपाळीने घेत असतील तर अर्ज करा. एकाच मुलीचं नाव सारखं पुढे आलं, तर दुसरी लॅब बघा.