‘मोदक’ फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

आषाढ सरत आला की आमच्या नारायण पेठेतल्या टेबलापाशी मंडळांची पोरं पेन ड्राइव्ह घेऊन उभी. “दादा, अक्षर जरा गुबगुबीत पाहिजे.” मग ‘मोदक’ काढायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेला, फुकट, धंद्याच्या कामालाही चालणारा आणि नावासारखाच गच्च भरलेला. अक्षराच्या पोटातली पोकळी चिमटून नुसती चीर उरते. डोळा वाचतो ते त्या चिरेच्या जिवावर.

तीच चीर मी एकदा बुजवली. पोरांना कमानीवर अक्षर ‘अजून जाड’ हवं होतं. मोदकला एकच वजन, म्हणजे एकच जाडी, त्यामुळे मी अक्षराच्याच रंगाची आउटलाइन चढवली. भच्या डोक्यावरची फट बंद झाली आणि ‘भव्य आरास’ची ‘मव्य आरास’ झाली. समोरच्या वाड्यातले आजोबा रोज विचारायचे, “मव्य म्हणजे नक्की केवढं हो?” धचा घ होतो तोही असाच. वर्डमध्ये बी दाबून केलेला बोल्ड हाच घोळ घालतो. आउटलाइन हवीच असेल तर अक्षराच्या मागे, अगदी वेगळ्या रंगाची द्या. मग स्क्रीनवर दहा टक्क्यांना आणून लांबून वाचा. तरीही अक्षर गुदमरतंय? ‘बलू २’ घ्या. तोही गोलसर, पण पाच वजनांत मिळतो.

फ्लेक्सची रुंदी भरायची म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटलेल्या डब्यांसारखा दिसतो. आडवं ताणलंत तर गोलाई चपटी होते. साइज वाढवा, नाहीतर शब्दच बदला.

पावती पुस्तकावर मंडळाचं नाव मोदकमध्ये शोभतं. खालचा पत्ता नाही. तिथे ‘मुक्ता’ हा साधा फॉन्ट लावा, कारण स्वस्त कागदावर शाई पसरली की बारीक चिरा पहिल्या बुजतात.

जुना श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला) मजकूर नुसता फॉन्ट बदलून मोदकमध्ये येत नाही, भलतीच चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटली तर फॉन्टला शिव्या देऊ नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट लावा. ‘पुऱ्या’चं ‘पुर्या’ होत असेल तर नुक्त्याचा ऱ टाइप करा.

सगळ्यात महाग चूक रेडियम कटिंगची, म्हणजे स्टिकरच्या शीटमधून मशीनने अक्षरं कापून घेण्याची. फाइल कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) दिली की आपण सुटलो असं वाटतं. पण प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. स्क्रीनवर ते कळत नाही. मशीनचं पातं मात्र दोन्ही कडा इमानदारीत कापतं आणि टेम्पोच्या काचेवर चिकटवताना शब्द तुकड्यातुकड्याने सोलून येतो. कोरलमध्ये कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे एकसंध जोडा, आणि वायरफ्रेममध्ये (नुसत्या रेघा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये) आत एकही आडवी रेघ उरली नाही ना ते बघा. वेल्डच्या आधीची कॉपी बाजूला ठेवा. ऐन वेळी अध्यक्षांना नावापुढे ‘श्री’ आठवतोच.