पीस कोअरहून परत येऊन मास्टर्स करायचंय? मग या चुका टाळा

दरवर्षी दिवाळीच्या आसपास मला फोन यायला लागतात. कोणाची तरी मुलगी नाहीतर भाचा पीस कोअरची दोन वर्षं करून परत आलेला असतो, आता पुढे शिकायचं म्हणतो, आणि आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, यांना फीमध्ये काहीतरी सवलत असते ना?" असते. चांगली असते. पण ती आपोआप मिळत नाही, आणि दोन वर्षं एवढं मनापासून काम केलेली मुलं नुसती कागद न सांभाळल्यामुळे किंवा तारखा चुकल्यामुळे मागे पडतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीस कोअर हा अमेरिकन सरकारचा स्वयंसेवक कार्यक्रम, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांनी तो १९६१ मध्ये सुरू केला, फक्त अमेरिकन नागरिकांना जाता येतं, तीन महिने ट्रेनिंग आणि मग दोन वर्षं परदेशातल्या एखाद्या गावात राहून काम. आपल्याकडेही हे लोक होते बरं का. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टरांच्या आई, लिलियन कार्टर, १९६६ मध्ये वयाच्या ६८व्या वर्षी पीस कोअरमधून भारतात आल्या आणि आपल्या विक्रोळीला गोदरेज कॉलनीत राहून काम केलं. मी स्वतः झांबियात होते, गावात मत्स्यशेतीच्या कामावर. आई तेव्हा म्हणायची, "एवढं शिकून तळी खणायला चाललीस?" तिला तेव्हा काही समजावता आलं नव्हतं, पण पुढचं माझं सगळं शिक्षण त्या तळ्यांवरच उभं राहिलं.

कव्हरडेल म्हणजे नुसती स्कॉलरशिप समजणं

परत आलेल्या व्हॉलंटियरसाठी जी मुख्य सोय आहे तिचं नाव पॉल डी. कव्हरडेल फेलोज प्रोग्रॅम. १९८५ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये याची सुरुवात झाली, तिथले फेलो शहरातल्या सरकारी शाळांमध्ये शिकवता शिकवता मास्टर्स करायचे. पुढे पीस कोअरचे माजी डायरेक्टर आणि जॉर्जियाचे सिनेटर पॉल कव्हरडेल यांचं नाव त्याला दिलं गेलं. आता खूप युनिव्हर्सिट्या यात आहेत, नर्सिंग, पब्लिक हेल्थ, पर्यावरण, शिक्षण, शहर नियोजन, बिझनेससुद्धा.

पण याची अट आहे आणि ती लोक वाचतच नाहीत. फेलोला शिकत असताना अमेरिकेतल्याच अशा वस्तीत इंटर्नशिप करावी लागते जिथे सोयी पोचलेल्या नाहीत. म्हणजे तिकडे जे केलं तेच इकडे. काही ठिकाणी हे आठवड्याचे काही तास असतं, काही ठिकाणी तोच अभ्यासक्रमाचा मोठा भाग असतो, उदाहरणार्थ इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत आधी क्लास आणि मग बराच काळ पगारी काम एखाद्या गावातल्या किंवा शहरातल्या संस्थेत. अर्जात यावर एक ओळही न लिहिता फक्त फी माफीबद्दल विचारणारी मुलं मी पाहिलीयेत, आणि समोर वाचणारा माणूस बरेचदा स्वतःच परत आलेला व्हॉलंटियर असतो, त्याला ते लगेच कळतं.

दुसरं म्हणजे अर्ज पीस कोअरकडे करायचा नसतो, थेट युनिव्हर्सिटीकडे करायचा. आधी त्या डिपार्टमेंटमध्ये नेहमीसारखी ॲडमिशन मिळवायची आणि सोबत फेलोशिपसाठी वेगळं विचारायचं, काही ठिकाणी वेगळा निबंध असतो, वेगळी तारीख असते. एकाने ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये "पीस कोअर" या चौकोनात टिक केली आणि झालं समजून बसला. फेलोशिपचा अर्ज राहूनच गेला आणि वर्षभर पूर्ण फी भरली. आणि प्रत्येक युनिव्हर्सिटी वेगळं देते, कुठे पूर्ण ट्यूशन माफ, कुठे थोडी, कुठे असिस्टंटशिप, म्हणजे डिपार्टमेंटमध्येच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम, आणि महिन्याचा स्टायपेंड, त्यामुळे मैत्रिणीला तिकडे काय मिळालं यावरून आपला हिशोब मांडू नका.

"आता उशीर झाला" असं स्वतःच ठरवणं

कव्हरडेलला मुदत नाही. परत येऊन दोन वर्षं झाली असोत की पंचवीस, पात्रता आयुष्यभर राहते. त्यामुळे विमानातून उतरल्या उतरल्या घाईघाईत मिळेल त्या कोर्सला जाण्याचं काही कारण नाही, आणि चाळिशीत पोचलेल्या माणसाने मन मारायचंही कारण नाही.

मुदत असते ती दुसऱ्याच गोष्टीला आणि तिथेच गोंधळ होतो. सेवा पूर्ण झाली की सरकारी नोकरीसाठी एक सवलत मिळते, तिला सगळे एनसीई म्हणतात, म्हणजे नेहमीच्या स्पर्धेतून न जाता तुम्हाला नोकरीवर घेता येतं. हिचं घड्याळ सेवा संपल्याच्या दिवसापासून, म्हणजे सीओएसच्या तारखेपासून चालू होतं. मास्टर्सला गेलात तर ही मुदत वाढवून मिळू शकते पण त्यासाठी फुलटाइम विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून ॲडमिशनचं पत्र आणि ट्रान्सक्रिप्ट जपून ठेवा. सरकारी नोकरीत जायचा थोडाही विचार असेल तर कॉलेज कधी सुरू करायचं हे ठरवताना ही तारीख समोर ठेवा.

जुन्या लेखांवर विसंबून राहणं

नेटवर शोधलं की मास्टर्स इंटरनॅशनल नावाचा प्रोग्रॅम अजून दिसतो, सेवा आणि मास्टर्स एकत्र करायचा. तो २०१६ मध्येच बंद झाला. तसंच शिक्षणाच्या खर्चासाठी मिळणारा सेगल एज्युकेशन अवॉर्ड, तो अमेरिकोअरचा आहे, म्हणजे अमेरिकेतच सेवा करायच्या वेगळ्या कार्यक्रमाचा, पीस कोअरचा नाही, नावं सारखी वाटतात म्हणून कितीतरी घरांत फीच्या बजेटमध्ये ती रक्कम धरून ठेवलेली असते. पीस कोअर देतं ते सेवा संपल्यावरचे पैसे, रीॲडजस्टमेंट अलाऊन्स, दोन वर्षांचे मिळून दहा हजार डॉलरच्या वर जातात. ते सगळे एकदम हातात पडत नाहीत आणि त्यावर टॅक्स लागतो, आणि परत आल्यावर घरभाडं, जुनी का होईना एक गाडी, फोन, दाताचं काम यातच ते संपतात. त्यांना फी समजू नका.

कागद तिकडेच सोडून येणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे असं माझं मत.

डिस्क्रिप्शन ऑफ सर्व्हिस, म्हणजे डीओएस, हा तुमच्या सेवेचा अधिकृत कागद. तो निघायच्या आधी तुम्हीच लिहून काढायचा असतो आणि मग तिथल्या पीस कोअरच्या ऑफिसकडून सही होते. शेवटच्या महिन्यात निरोपाची जेवणं, रडारड, सामान वाटून टाकणं यात तो मुलं एका रात्रीत उरकतात. मग पुढची दहा वर्षं प्रत्येक अर्जाला तोच अर्धवट कागद जोडावा लागतो. त्यात ट्रेनिंगचे तास, भाषेच्या परीक्षेत आलेली लेव्हल, किती लोकांसोबत काय काम केलं, सगळं आकड्यात लिहा. दर काही महिन्यांनी ऑफिसला पाठवलेले रिपोर्ट, भाषेच्या चाचणीचा निकाल, फोटो, सगळ्याची कॉपी स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, ऑफिसचं अकाउंट बंद झालं की ते परत मिळवणं फार त्रासाचं.

शिफारसपत्रांचंही तसंच. पीस कोअरच्या अमेरिकन स्टाफला साधारण पाच वर्षांच्या वर तिथे राहता येत नाही, तो नियमच आहे, त्यामुळे तुम्हाला ओळखणारा डायरेक्टर तुम्ही अर्ज कराल तेव्हा त्या ऑफिसात असेलच असं नाही. निघतानाच त्यांना विचारा, वैयक्तिक ईमेल घ्या, आणि आपण काय केलं त्याचं एक पान त्यांना देऊन ठेवा. तुमच्या गावातले काउंटरपार्ट, म्हणजे ज्या शिक्षिकेबरोबर, नर्सबरोबर किंवा शेतकऱ्याबरोबर तुम्ही काम केलं, त्यांचं पत्र जमलं तर जरूर घ्या, पण एक पत्र अभ्यासाबद्दल बोलू शकेल अशा जुन्या प्राध्यापकांचंही हवं. त्यांना दोन वर्षांत एक मेलसुद्धा केलेला नसतो आणि मग डिसेंबरमध्ये अचानक विचारतात.

अर्जासोबतच्या निबंधात, म्हणजे स्टेटमेंटमध्ये, "मी संयम शिकले" लिहिणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे मी स्वतः चुकले होते.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं होतं, मातीचं घर, तारे, मुलांची हसरी तोंडं, गरिबी, आणि मी किती बदलले. कॉलेजमधल्या माझ्या एका जुन्या बाईंना वाचायला दिला. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "तळी किती खणली? त्यातली आज किती चालू आहेत?" मला आकडा पाठ होता. अकरा खणली होती, चार आटली होती. मग त्या म्हणाल्या, "अगं मग ते कुठे लिहिलंयस?"

लिहिलंच नव्हतं. चार तळी आटली हे मला अपयश वाटायचं म्हणून मी ते लपवलं होतं. तर दुसऱ्या ड्राफ्टची सुरुवात मी तिथूनच केली. तिथे तळं खणतात कुदळीने, एका कोपऱ्यात काठ्या रोवून कप्पा करतात आणि त्यात गवत आणि शेण टाकतात, म्हणजे पाण्यात शेवाळ धरतं आणि तेच माशांचं खाणं. पाणी तयार झालं का ते बघायला हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, बोटं दिसेनाशी झाली तर पाणी बरोबर हिरवं झालं. हे मला शिकवलं ते तिथल्या एका आजीने, कुठल्या मॅन्युअलने नाही. आणि ती चार तळी आटली कारण माती रेताड होती आणि ओढा लांब होता, पण जागा निवडली होती ती ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे त्याच्या सोयीने, पाण्याच्या सोयीने नाही. जागा कोण ठरवतं, हा माझा प्रश्न झाला आणि त्यावरच पुढे मी मास्टर्सचा प्रबंध लिहिला.

तर तुमच्या दोन वर्षांतली जी गोष्ट जमली नाही आणि का जमली नाही ते तुम्हाला नीट माहीत आहे, ती लिहा. आकडे लिहा, छोटे असले तरी चालतील. आणि ते त्याच डिपार्टमेंटमधल्या कुठल्या विषयाशी जुळतं ते सांगा. प्रवासवर्णन नको आहे त्यांना.

तारखा आणि परीक्षा

बऱ्याच चांगल्या प्रोग्रॅमची शेवटची तारीख डिसेंबर-जानेवारीत असते आणि क्लास ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. उन्हाळ्यात परत येणार असाल आणि त्याच वर्षी कॉलेजला जायचं असेल तर अर्ज गावात असतानाच करावा लागतो, जिथे वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. जीआरई ही प्रवेश परीक्षा लागत असेल तर पीस कोअरला जाण्याआधीच देऊन ठेवा, स्कोअर पाच वर्षं चालतो. खूप ठिकाणी आता जीआरई लागतच नाही, ते आधी बघा म्हणजे फुकट खर्च आणि टेन्शन नको.

कर्ज आणि नोकरीचा हिशोब न करणं

हे आईबाबांनी नीट वाचा. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे उरलेला सगळा खर्च भागवणारं सरकारी कर्ज, बंद. मास्टर्सला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १,००,०००. पूर्वी जे "उरलेलं सगळं कर्जातून" चालायचं ते आता चालणार नाही, म्हणून फेलोशिपमध्ये किती माफ होतंय हा आकडा लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका. जुनं कर्ज असेल तर सरकारी सेवेवरच्या कर्जमाफीत, म्हणजे १२० हप्त्यांच्या पीएसएलएफमध्ये, पीस कोअरचा काळ नोकरी म्हणून धरला जातो, पण त्याचा फॉर्म पीस कोअरकडून सर्टिफाय करून घ्यावा लागतो.

आणि विषय निवडताना एक कडू गोष्ट लक्षात ठेवा. परत आलेल्यांपैकी खूप जणांना इंटरनॅशनल डेव्हलपमेंटच करायचं असतं, मीही तेच केलं. पण जुलै २०२५ मध्ये यूएसएडचं, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचं, काम बंद करून जे उरलं ते परराष्ट्र खात्यात घेतलं गेलं आणि त्याच्या पैशावर चालणाऱ्या कितीतरी संस्थांमधल्या नोकऱ्या गेल्या. माझ्या ओळखीतली अनुभवी माणसं अजून काम शोधतायत. म्हणून नर्सिंग, पब्लिक हेल्थ, पाणी, शिक्षण, शहर नियोजन असं काहीतरी हातात घ्या जे ओहायोतही चालेल आणि झांबियातही.

सेवा अर्धवट सुटली असेल, तब्येतीमुळे किंवा मार्च २०२० सारखं सगळ्यांनाच एकदम परत बोलावल्यामुळे, तर स्वतःच अपात्र समजून गप्प बसू नका, अशा अनेकांना पात्र धरलं गेलंय. युनिव्हर्सिटीच्या कव्हरडेल कोऑर्डिनेटरला तुमच्या केसचं सांगून सरळ मेल करा. त्याच मेलमध्ये हेही विचारा: गेल्या वर्षी किती फेलो घेतले, त्यातल्या किती जणांना असिस्टंटशिप मिळाली, हेल्थ इन्शुरन्स त्यात आहे का, दुसऱ्या वर्षी पैसे चालू राहतात का, इंटर्नशिप कुठल्या संस्थेत असते आणि तिथे जायला गाडी लागते का. आणि आत्ता शिकत असलेल्या एखाद्या फेलोचा नंबर मागा. तो स्वतः गावात राहून आलेला असतो, तो खरं काय ते सांगतो.