ओरखडा ‘जुना’ ठरवून क्लेम कापला, तेव्हा

कोणीतरी किल्लीने गाडीच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत रेघ ओढली. विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेयरने (नुकसान तपासणाऱ्याने) मागचं दार ‘जुनी झीज’ म्हणून वगळलं. फोनवर हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता (तिथे रोज नवा माणूस!). ईमेल केला: पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, लेखी कळवा. गॅरेजवाल्याकडून लेखी अभिप्राय घेतला: रेघ दोन्ही दारांवर सलग, एकाच उंचीवर, खोल जागी पत्रा उघडा पडलाय, पण गंजाचा ठिपकाही नाही. जुना ओरखडा असता तर बहुधा गंज धरला असता. सोबत पोलीस तक्रारीची प्रत, जवळून काढलेले फोटो. फेरतपासणी होईपर्यंत ‘पूर्ण व अंतिम’ वाल्या पावतीवर (आणखी काही मागणं नाही, अशी कबुली) सही केली नाही. मागचं दार मंजूर झालं; घटना एकच, म्हणून वजावटही (नुकसानीतला आपण सोसायचा ठरलेला हिस्सा) एकदाच. बाकीचं पॉलिश स्वखर्चाने केलं.