चुकलेलं नाव पकडणारं प्लगइन: व्हीएस कोड आणि लुआ

लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत 'टोटल' टाइप करताना शेवटची दोन अक्षरं उलटसुलट पडली, तर भाषा हूं की चूं करत नाही. 'लोकल' न लावता नव्या नावाला किंमत दिली की झालं नवं ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारं, व्हेरिएबल. प्रोग्रॅम चालतो, उत्तर तेवढं चुकतं. ही चूक फाइल सेव्ह करताच दाखवणारं, व्हीएस कोड या एडिटरचं प्लगइन (तिथे त्याला एक्स्टेन्शन म्हणतात) एका रविवारी होऊ शकतं. अट एकच: एडिटरला लुआ शिकवायला बसू नका. लुआबरोबर येणारा 'लुआक' हा कंपाइलर आहे ना, त्यालाच कामाला जुंपा.

आधी नोड.जेएस (एडिटरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि लुआ टाकून घ्या. मग नोडच्या एनपीएम या पॅकेज आणणाऱ्या साधनाने 'यो' आणि 'जनरेटर-कोड' आणा, 'यो कोड' चालवा आणि जावास्क्रिप्टचं नवं एक्स्टेन्शन निवडा. सांगाडा तयार. लुआचा कोड रंगवून दाखवण्याचं काम व्हीएस कोडमध्ये आधीपासून आहे, त्यात वेळ घालवू नका.

सांगाड्यातल्या पॅकेज.जेसन फाइलमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन इव्हेंट (प्लगइन कधी जागं व्हावं ते) 'ऑनलँग्वेज:लुआ' ठेवा. काही जण तिथे चांदणी टाकून मोकळे होतात. मग लुआ न लिहिणाऱ्याच्याही एडिटरवर तुमच्या प्लगइनचा भार.

आता 'अ‍ॅक्टिव्हेट' फंक्शन. त्यात एक डायग्नोस्टिक कलेक्शन (एडिटरने दाखवायच्या चुकांची यादी) बनवा आणि फाइल सेव्ह झाली की 'लुआक' चालवा, 'एल' आणि 'पी' या दोन्ही खुणांसह. 'एल' बाइटकोडची, म्हणजे कंपाइलरने बनवलेल्या आज्ञांची, यादी छापते. 'पी' विसरलात तर प्रत्येक सेव्हला 'लुआक.आउट' नावाची फाइल पडत राहील. चालवायला नोडचं 'एक्झेकफाइल' घ्या, साधं 'एक्झेक' नको. फोल्डरच्या नावात स्पेस आली की ते अडखळतं.

व्याकरणाची चूक असेल तर एरर आउटपुटवर फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि संदेश मिळतो. लुआ ओळी १ पासून मोजते, व्हीएस कोड ० पासून, तेव्हा एक वजा करा. चूक दुरुस्त झाल्यावर त्या फाइलच्या चुकांची यादी रिकामी करायलाही विसरू नका, नाहीतर लाल रेघ तशीच राहते.

खरी गंमत बाइटकोडच्या यादीत आहे. लुआ ५.४ मध्ये ग्लोबलला किंमत देणाऱ्या ओळीवर 'सेटटॅबअप' ही आज्ञा दिसते, चौकटी कंसात ओळ क्रमांक आणि पुढे 'एन्व्ह' (ग्लोबल्स ठेवलेलं टेबल) व व्हेरिएबलचं नाव. ग्लोबल वाचताना 'गेटटॅबअप'. 'एन्व्ह' असेल तरच ती ओळ धरा, कारण बाहेरच्या फंक्शनमधल्या लोकल टेबलसाठीही याच आज्ञा येतात. लुआ ५.१ मध्ये मात्र 'सेटग्लोबल' आणि 'गेटग्लोबल' शोधावं लागतं.

'प्रिंट', 'पेअर्स' अशी लुआच्या अंगची नावं वगळा, उरलेल्यांना पिवळा इशारा द्या. मुद्दाम केलेली ग्लोबल्स असतातच (लव्ह या गेम लायब्ररीचं 'लव्ह' टेबल घ्या), म्हणून मान्य नावांची यादी सेटिंगमध्ये भरता येऊ द्या. नाहीतर दुसऱ्याच दिवशी लोक प्लगइन काढून टाकतील.

बाइटकोडच्या यादीत ओळ क्रमांक असतो, पण ओळीतली जागा, म्हणजे कॉलम, नसतो. त्या ओळीत जावास्क्रिप्टच्या 'इंडेक्सऑफ'ने नाव शोधा. आधी मराठी मजकूर असला तरी रेघ सरकत नाही, कारण जावास्क्रिप्ट आणि व्हीएस कोड दोन्ही यूटीएफ-१६ ची एककं मोजतात. बाइट मोजाल तर फसाल: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं.

एफ५ दाबा. दुसरी खिडकी उघडेल, तिथे मुद्दाम चुका करून बघा. टेबलातल्या फील्डचं स्पेलिंग चुकलं तर हे प्लगइन गप्पच बसेल. त्यासाठी लँग्वेज सर्व्हर, म्हणजे भाषा खरोखर समजणारा वेगळा प्रोग्रॅम, लागतो आणि तो मोठा उद्योग आहे. सगळं जमलं की एक्स्टेन्शनचं गाठोडं बांधणाऱ्या व्हीएससीई साधनाची 'व्हीएससीई पॅकेज' ही आज्ञा चालवा. हाती आलेली व्हीएसआयएक्स फाइल मित्राला पाठवा. एक्स्टेन्शन्सच्या मेनूतून ती थेट इन्स्टॉल होते.