नाकावरचा कॅन्सर: कापण्याआधी काय विचारायचं

बाबांच्या नाकपुडीच्या कडेला मुगाएवढा काळा, चकचकीत दाणा होता. खपली धरायची, तोंड धुताना निघायची, रक्त यायचं, परत खपली. दोन वर्षं ते म्हणत राहिले, "कलमाची फांदी लागली आसतली." बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघाला.

हा कॅन्सर अंगात क्वचितच पसरतो, पण आहे तिथे खोल खात जातो. म्हणजे देवगडहून जाऊन दुसरं मत घ्यायला सवड असते. मी पहिल्या भेटीत "कुठलं ऑपरेशन चांगलं?" एवढंच विचारून परतलो. विचारायचं होतं ते हे: कड साफ झाली, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत, हे तुम्हाला कधी, कशावरून कळणार?

साध्या ऑपरेशनात गाठीभोवतीची चांगली कातडीही काढतात. लहान, कमी धोक्याच्या गाठीला साधारण ४ मिमी. रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तपासताना तुकड्याच्या काकडीसारख्या चकत्या करतात, त्यामुळे दोन चकत्यांमधली कड बघायची राहते. मोज सर्जरीत पातळ थर काढून त्याची सगळी कड आणि तळ लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागी पुन्हा कापतात. नाक, पापणी, कान इथे हीच सरस, पण मोजक्या ठिकाणीच होते. नसेल तर फ्रोझन सेक्शनची, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायची, सोय विचारा. खरवडून जाळणं स्वस्त आणि झटपट. पण कडेचा रिपोर्टच मिळत नाही. पाठीवरच्या बारक्या गाठीला चालेल, नाकावर नको.

मग खड्डा कशाने भरणार? सर्जन म्हणाले, कानामागची कातडी लावू. जन्मभर हापूसची कलमं बांधलेले बाबा हसले, "म्हणजे माका कलम बांधतले?" शेजारची कातडी सरकवून फ्लॅप केला तर रंग जास्त जुळतो. पण कड साफ असल्याचं कळेपर्यंत फ्लॅपची घाई नको. खाली काही उरलं तर शोधणं अवघड होतं.

तळपायावरचा वाढता काळा डाग मात्र मेलॅनोमा, म्हणजे अंगात पसरणारा कातडीचा कॅन्सर, असू शकतो. तिथे हा हिशोब नाही. खोलीप्रमाणे १ ते २ सेंमीपर्यंत कड घेतात, कधी तो पसरलाय का हे बघायला जांघेतली लसिका ग्रंथीही तपासतात, आणि रेंगाळायला सवड नसते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला लागतात. ब्लॉक म्हणजे तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका.