दसऱ्याला श्रीखंडाऐवजी दुसरं गोड करताय? मग या चुका टाळा

दसऱ्याच्या पानात श्रीखंड-पुरीच हवी, हा नियम आमच्या नात्यागोत्यात आता सैल झालाय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. श्रीखंड बारा महिने डब्यात मिळतं. आश्विनातली सीताफळं, लाल भोपळा, रताळी, ओले शिंगाडे यांचं गोड मात्र याच दिवसांत करायचं. पण नवरात्र संपत आलं की फोन सुरू होतात आणि तक्रारी दरवर्षी त्याच. दूध फाटलं, बासुंदी कडू झाली, घारग्यांचं पीठ हाताला चिकटतंय. यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी घाई असते. थंड व्हायला हवं ते कुणी थंड होऊ देत नाही.

सीताफळ शिजवू नका

सगळ्यात जास्त नासाडी सीताफळ बासुंदीची होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. एका दसऱ्याला माझ्या धाकट्या जावेकडे जेवण होतं. तिच्या सुनेनं दोन लिटर म्हशीचं दूध सकाळपासून मन लावून आटवलं होतं. पाहुणे यायची वेळ झाली आणि सीताफळांचा गर काढायचा राहिलेला. तिनं फळं सोलून बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली, गाळून घेतली आणि तो गर उकळत्या दुधात ओतला. वर एकजीव व्हावा म्हणून चांगला शिजवला. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा बासुंदीला गुलाबीसर मळकट रंग आला होता, कडेनं दूध फुटल्यासारखं दिसत होतं आणि चमचाभर चाखली तर घशापर्यंत कडू. पोर रडायला आली होती. ती बासुंदी कुणाला वाढता येण्यासारखी नव्हतीच, सगळी टाकून दिली.

यात दोन चुका होत्या आणि दोन्ही मी घरोघरी बघते. सीताफळाच्या गराला उष्णता सोसत नाही. तापला की तो कडवट होतो, रंगही बदलतो. दुसरी चूक त्याहून गंभीर. सीताफळाच्या बिया विषारी असतात. उवा मारायला या बियांची पूड वापरायचे आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना मोठी इजा होते. अख्खी बी कठीण असते, पण मिक्सरच्या पात्यानं ती फुटली की तिचा चुरा गाळणीतून खाली उतरतो. त्यामुळे मिक्सरचा शॉर्टकट इथे चालणारच नाही, मग 'पल्सवर एकदाच फिरवलं' असं कितीही सांगा.

मी गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर घेते आणि बोटांनी फिरवत राहते. बिया वर राहतात, गर खाली पडतो. वेळ लागतो, तो द्यायचा. दूध आदल्या रात्री आटवून ठेवते. एक लिटरचं निम्मं झालं की गॅस बंद. साखर शेवटी आणि दोन-तीन चमचेच, कारण सीताफळ स्वतः गोड असतं. बासुंदी फ्रिजमध्ये गार झाली की दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या तासभर आधी, चार मध्यम सीताफळांचा गर तिच्यात कालवायचा. गर आधी काढून ठेवला तर काळा पडतो. वेलची, केशर, जायफळ काहीही घालू नका. सीताफळाचा वास इतका नाजूक असतो की चिमूटभर वेलचीखालीही तो दबतो.

दूध आटवताना मोठी आच नको आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर तर मुळीच नको. कॉर्नफ्लोअर घातलेली बासुंदी मी पानात घेत नाही. कढईतली बासुंदी पातळ वाटली तरी गार झाल्यावर ती दाटते, हे नवशिक्यांना पटतच नाही.

कच्ची सीताफळं फ्रिजमध्ये ठेवू नका. ती पिकत नाहीत, नुसती काळी पडतात. तांदळाच्या डब्यात ठेवा, रोज हात लावून बघा.

गरम दुधात गूळ

भोपळ्याची किंवा रताळ्याची खीर गूळ घालून करायची आणि दूध उकळत असतानाच गूळ टाकायचा, ही दुसरी हमखास चूक. गूळ किंचित आंबट असतो आणि उकळत्या दुधाला तेवढंही पुरतं. दूध फाटलं की मग गुळाला नावं ठेवायची, भेसळ होती म्हणायचं. मी भोपळा तुपावर परतून मऊ करते, त्यातच गूळ विरघळवते, ते मिश्रण पूर्ण गार करते आणि मग उकळून गार केलेलं दूध घालते. खीर पुन्हा गॅसवर चढवत नाही. गरमच हवी असेल तर साखरेची करा, किंवा सरळ नारळाच्या दुधात करा.

नारळाच्या दुधाचंही पथ्य आहेच. दाट पहिलं दूध शेवटी घालायचं आणि उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तेही फुटतं. गोव्यात दिवाळीला रोसातले फोव करतात, म्हणजे नारळाच्या दुधात गूळ विरघळवून त्यात पोहे. ते कोमटसुद्धा करावे लागत नाहीत आणि फजिती होण्याची भीतीच नाही. एवढं सोपं आणि इतकं चवदार गोड देशावरच्या घरांत का होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पोहे मात्र आधीपासून भिजत घालून ठेवू नका, लगदा होतो.

घारगे

पाणी घालू नका. भोपळ्याला आणि गुळाला मिळून भरपूर पाणी सुटतं. दोन वाट्या कीस असेल तर पाऊण ते एक वाटी गूळ घालून तो तुपावर शिजवा, कोमट झाला की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढीच कणीक घाला, खुसखुशीतपणासाठी दोन चमचे तांदळाची पिठी. कणीक मापानं ओतणारे इथेच फसतात, कारण प्रत्येक भोपळा वेगळा. पीठ घट्टच भिजवा, मुरल्यावर ते सैल पडतं. परदेशात डब्यातला भोपळ्याचा गर वापरणाऱ्यांनी तो आधी कढईत कोरडा होईपर्यंत परतून घ्यावा. तळताना आच मध्यम. गूळ लवकर करपतो, बाहेरून काळा आणि आतून कच्चा असा घारगा मुलं परत तोंडाला लावत नाहीत.

बाकी किरकोळ. रताळ्याचे काप पाकात टाकण्याआधी वाफवून घ्या, कच्चे पाकात शिजत नाहीत, कडक होतात. शिंगाड्याच्या शिऱ्यात तुपाला हात आखडता घेऊ नका. पीठ खमंग भाजलं गेलं नाही तर शिरा चिकट होतो.

उरलेली सीताफळ बासुंदी दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम करू नका. घारगे डब्यात तीन-चार दिवस राहतात, त्यामुळे माणसं जास्त असतील तर मी ते आदल्या दिवशीच तळून ठेवते आणि दसऱ्याच्या सकाळी फक्त सीताफळं सोलायला बसते.