सिन्स की फॉर? ‘झाली’ लावून बघा

आपण मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च म्हणतो, म्हणून इंग्रजी बोलताना तोंडातून ‘सिन्स टू इयर्स’ निघतं, माझ्याही कितीतरी वर्षं निघायचं.

सोपं आहे, ‘पासून’ काढा आणि ‘झाले / झाली’ लावून बघा.

१. ‘दोन वर्षं झाली’, ‘तीन तास झाले’ जमतंय ना, मग फॉर. फॉर टू इयर्स.
२. ‘२०१९ झाले’ कोणी म्हणतं का? नाही. मग सिन्स. सिन्स मंडे, सिन्स २०१९.

‘सकाळ झाली’ मात्र फसवतं, त्याचा अर्थच वेगळा, तिथे सिन्सच, सिन्स धिस मॉर्निंग.

आणि हो, नुसता शब्द बदलून भागत नाही, ‘आय ॲम हिअर फॉर टू इयर्स’ नाही, ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू इयर्स’.